भय, पश्चात्ताप आणि कायक



गेल्या श्रावणात लोधीखेडा येथे आमचे तीन दिवस प्रवचन झाले. सावनेरहून छिंदवाड्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५४७ मध्यप्रदेशाच्या हद्दीत शिरला की पुढे हे गाव लागते. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौसर हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला, त्या जिल्ह्यातले हे गाव. राज्य मध्यप्रदेशाचे, पण घरातली बोली मराठी. भोवताली संत्र्याच्या बागा, कापसाची शेते, आणि महामार्गावर मालगाड्यांची व जामसावळीला जाणाऱ्या भाविकांच्या वाहनांची अखंड वर्दळ. आपली घरे तेथे थोडी आहेत. निष्ठा मात्र थोडी नाही.

तिसऱ्या दिवशी निरूपणाचा विषय स्थावर आणि जंगम हा होता. महात्मा बसवेश्वरांच्या ज्या वचनात देहालाच देवालय ठरवून स्थावराला नाश आणि जंगमाला अविनाशित्व सांगितले आहे, त्या वचनाचे विवरण चालू होते. बोलण्याच्या ओघात आम्ही म्हणालो, ‘‘ज्याच्या करस्थलावर लिंग आहे, त्याला भय कसले? शरण आणि भय यांची एका घरी वस्ती होत नाही.’’ मंडळींनी माना डोलावल्या. प्रवचन संपल्यावर मागच्या रांगेतून एक भगिनी उठून उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘महाराज, आमच्या घरचे गाडी चालवत होते. अपघात झाला. तेव्हापासून ते गाडीला हात लावत नाहीत. तुम्ही म्हणता शरणाला भय नसतं. मग त्यांची भक्ती कमी पडली का?’’

आम्ही व्यासपीठावरून तत्काळ उत्तर दिले, ‘‘माय, भक्ती वाढवायला सांगा. भय आपोआप गळून पडेल.’’ ती ‘‘बरं महाराज’’ म्हणून खाली बसली. सभेचे समाधान झाले. तिचे झाले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

ते उत्तर चुकीचे होते. या अंकात त्याची दुरुस्ती करावयाची आहे.

त्याच सायंकाळी आम्ही मोटारीने परत निघालो. अंधारून आले होते. समोरून येणाऱ्या मालगाडीचे दिवे डोळ्यांवर आले आणि मागच्या आसनावर बसलेल्या आमचा उजवा पाय पायाखालच्या पत्र्यावर जोराने दाबला गेला, जणू तेथे ब्रेक होता. असे आमच्या बाबतीत नेहमी होते. सहा वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही ज्या जीपमध्ये पुढे बसलो होतो ती घसरून उलटली होती. खांद्याचे हाड मोडले. आयुष्य शिल्लक होते म्हणून वाचलो. तेव्हापासून आम्ही पुढच्या आसनावर बसलेलो नाही. भक्तमंडळींना वाटते, महाराज मानाने मागे बसतात. तो समज आम्ही कधी दूर केला नाही. आणि अशा आम्ही, एका गृहिणीला तिच्या पतीची भक्ती वाढवायला सांगून मोकळे झालो होतो! त्या रात्री इष्टलिंगपूजेला बसताना मनाला लाज वाटली.

पंधरा दिवसांनी पुन्हा लोधीखेड्याला गेलो. या वेळी प्रवचनासाठी नव्हे. त्या भगिनीचे घर शोधले. दाराशी निंबाखाली मालवाहू पिकअप उभी होती. वर ताडपत्री, चाकांतली हवा गेलेली, खाली सावलीला कोंबड्या बसलेल्या. हप्ते मात्र दर महिन्याला चालू होते. यजमान पूजेत होते. बाई म्हणाल्या, ‘‘पूर्वी अर्धा तास पूजा करत. आता पहाटे दोन तास आणि संध्याकाळी दोन तास करतात.’’ म्हणजे आमचे उत्तर दुप्पट चुकीचे ठरले. आम्ही भक्ती वाढवायला सांगितली होती. ती आधीच आठपट वाढलेली होती आणि भय तसेच होते.

पूजा संपल्यावर ते बाहेर आले. वय चाळिशीचे, काटक शरीर. त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या अनुमतीने, नाव न देता, लिहितो. मागील आंबिया बहाराचे दिवस होते. संत्री भरून नागपूरला कळमना बाजारात पहाटे पोहोचायचे होते. आदल्या रात्री माल भरण्यात जागरण झाले होते. उजाडायच्या आत, शेताकडच्या पांदणीतून दुधाचे कॅन लावलेली एक सायकल रस्त्यावर आली. ब्रेक दाबला, गाडी घसरली, सायकल खाली आली. सायकलवरच्या वृद्धाच्या मांडीचे हाड मोडले. यांनी त्यांना उचलून त्याच गाडीतून दवाखान्यात नेले आणि पोलिसांतही स्वतःच वर्दी दिली. वृद्ध वाचले, पण चाल गेली ती गेलीच. ‘‘महाराज,’’ ते म्हणाले, ‘‘स्टिअरिंगला हात लावला की हाताले घाम सुटते. कॅन वाजल्याचा आवाज येते.’’ मग बराच वेळ गप्प राहून हळूच म्हणाले, ‘‘माहा डोळा लागला नव्हता. पण डोळे जड होते. हे अजून मी कोणालेच सांगितलं नाही.’’

या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही थांबलो. कारण ज्याला सगळे घर ‘गाडीची भीती’ म्हणत होते, ती एकच वस्तू नव्हती. तिच्यात तीन निराळ्या वस्तू एकत्र गुंतलेल्या होत्या, आणि तिघींचा उपाय निरनिराळा होता.

आपल्या शास्त्रांत भयाचा विचार पुष्कळ झाला आहे. उपनिषदांनी भयाचे मूळ द्वैतात दाखविले. वेदान्ताने दोरी आणि सापाचा दृष्टान्त दिला: अंधारात दोरीवर साप भासला, दिवा आणला, साप नव्हताच, भय गेले. दृष्टान्त सुंदर आहे आणि आम्ही पाठशाळेत तो घोकून शिकलो. पण रस्त्यावर ज्याचा अपघात झाला त्याला तो लागू पडत नाही. त्याच्या बाबतीत तेथे खरोखर साप होता. त्याने एकदा दंश केला. आता दिवा लावून ‘ही दोरी आहे’ असे सांगितले तरी त्याचा हात पुढे होणार नाही, आणि आपण त्याला अज्ञानी म्हणू शकणार नाही. त्याचे ज्ञान खरे आहे; रस्त्यावर माणसे मरतात. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे गेली, म्हणजे दर तासाला सुमारे १९. ‘काही होत नाही, बस गाडीवर’ असे सांगणारा मित्र खोटे बोलत असतो. भयभीताला ते खोटे कळते, म्हणूनच त्या धीराचा त्याला उपयोग होत नाही.

आता त्या तीन वस्तू पाहू.

पहिली वस्तू म्हणजे देहाची आठवण. हाताला सुटणारा घाम, छातीतली धडधड, आमचा पत्र्यावर दाबला जाणारा पाय, ही सगळी देहाची आठवण आहे. बुद्धीला विचारून ती येत नाही, म्हणून बुद्धीच्या सांगण्याने ती जातही नाही. संस्कृतात ज्याला संस्कार म्हणतात, मनावर उमटून राहिलेला ठसा, तोच हा. एका तीव्र प्रसंगाने जो ठसा उमटला, तो भक्तीच्या न्यूनतेचे लक्षण नाही, जसा मोडलेल्या हाडाचा दुखावा भक्तीच्या न्यूनतेचे लक्षण नाही. आमचा खांदा थंडीत दुखतो तेव्हा कोणी ‘महाराजांची भक्ती कमी पडली’ असे म्हणत नाही.

शरण म्हणजे दगड, असाही आपला एक गैरसमज असतो. बाराव्या शतकात कल्याणमध्ये अनर्थ झाला तेव्हा चेन्नबसवण्णांसह अनेक शरणांनी कल्याण सोडून उळवीच्या अरण्याची वाट धरली. त्यांना कोणी भित्रे म्हणत नाही. संकटापासून दूर होणे हा काही वेळा विवेकच असतो. प्रश्न पुढचा आहे: दूर झाल्यावर त्यांनी काय केले? ते लपून बसून राहिले नाहीत. त्यांनी वचनसाहित्य जपले, पुढच्यांच्या हाती दिले. पाऊल मागे घेणे वेगळे आणि तेथेच कायमचे बसणे वेगळे.

बसून राहण्यात एक फसवणूक असते. गाडीजवळ गेले की छाती धडधडते; दूर झाले की लगेच बरे वाटते. मन त्या बरे वाटण्याला चटावते आणि ‘गाडी हेच संकट, दूर राहणे हाच उपाय’ असे पक्के करून टाकते. रोज टाळावे आणि रोज भय थोडे मोठे व्हावे, असे ते चक्र आहे. आधी महामार्ग सुटतो, मग गावातला रस्ता, मग गाडीची किल्लीसुद्धा डोळ्यांसमोर नको होते.

हे चक्र उलटे फिरवता येते. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या संशोधक बाईंनी पीटर नावाच्या लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो मुलगा सशाला फार भीत असे. बाईंनी त्याला रागावले नाही आणि ससा एकदम मांडीवरही ठेवला नाही. मुलगा आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला आणला. दुसऱ्या वेळी थोडा जवळ. मग आणखी जवळ. शेवटी तो मुलगा सशाला कुरवाळू लागला. पुढे १९५८ साली जोसेफ वोल्पे या वैद्याने याच वाटेची शिस्तबद्ध पद्धत ग्रंथरूपाने मांडली: सगळ्यात कमी भयाची पायरी आधी, ती अंगवळणी पडली की पुढची. आज मानसोपचाराचे जाणकार अपघातानंतरच्या भयावर हीच दिशा घेतात.

ही पद्धत आपल्याला परकी वाटू नये. इष्टलिंगाचा अभ्यास आपण असाच केला आहे. दीक्षेच्या दिवशी कोणाची दृष्टी करस्थलावर स्थिर होते? डोळ्यांना पाणी येते, मन दहा ठिकाणी धावते. गुरू म्हणतात, आज थोडे, उद्या थोडे अधिक, पण रोज. षट्स्थलांची वाटही भक्तापासून ऐक्यापर्यंत पायरी-पायरीचीच आहे. पहिल्या पायरीवरच्या माणसाला कोणी सहावीवर उडी मारायला सांगत नाही. मग गाडीच्या बाबतीतच ‘एकदम बस आणि चालव’ असे आपण का सांगतो?

आम्ही त्या सद्भक्तांना एवढेच सुचविले. पहिले काही दिवस ताडपत्री काढून गाडी नुसती धुवा. मग चाकांत हवा भरा. मग यंत्र बंद ठेवून आत बसा. धडधड झाली तर उतरू नका, ती ओसरेपर्यंत बसा, कारण ती ओसरते हे देहाला कळले पाहिजे. मग यंत्र चालू करून जागेवरच बसा. मग अंगणातून दारापर्यंत. मग पांदणीने, दिवसाउजेडी, शेजारी घरचे माणूस घेऊन. महामार्ग सगळ्यात शेवटी. एखाद्या दिवशी दोन पायऱ्या मागे यावे लागले तर तो पराभव समजू नका. ‘ॐ नमः शिवाय’ हा मंत्र म्हणा, पण भय घालवण्याचा ताईत म्हणून नव्हे; भय आहे आणि मीही आहे, एवढे स्थैर्य राहावे म्हणून म्हणा.

आणि एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्याला महिनोन्‌महिने झोप लागत नाही, अपघात पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर घडतो, घरात जीव रमत नाही, जगणेच नकोसे वाटते, त्याने मठात येण्याबरोबर वैद्याकडेही गेले पाहिजे. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. हाड मोडल्यावर आपण अंगारा लावून बसत नाही. मनाच्या बाबतीतही तसेच असावे.

दुसरी वस्तू म्हणजे इशारा. ‘डोळे जड होते’ हे वाक्य आठवा. त्या सद्भक्तांच्या भयात एक खरा निरोप होता: जागरण करून गाडी हाकू नकोस. भय घालवण्याच्या भरात हा निरोपही घालवला, तर आपण काय कमावले? बाई सूप घेऊन धान्य पाखडते तेव्हा भूस उडवते, दाणा ठेवते. भयाचेही असेच पाखडणे करावे. ‘मी चाकामागे बसलो की कोणी तरी मरणार’ हे भूस. ते उडू द्यावे. ‘झोप झाली नसेल तर मी गाडी काढणार नाही, मग बाजारभाव चुकला तरी चालेल’ हा दाणा. तो जन्मभर ठेवावा. पट्टा बांधणे, पांदण दिसली की वेग कमी करणे, मद्य घेऊन न बसणे, हे सगळे दाणे आहेत. कपिलधारच्या यात्रेला किंवा लग्नकार्याला निघताना मालवाहू गाडीत माणसे दाटीवाटीने भरणाऱ्या आपल्या मंडळींना उलट थोडे भय असते तर बरे झाले असते. निर्भयता आणि बेफिकिरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेफिकीर माणूस शरण होऊ शकत नाही, कारण त्याच्या बेफिकिरीची किंमत दुसरा कोणी मोजत असतो.

तिसरी वस्तू सगळ्यात खोल: पश्चात्ताप. भय आणि पश्चात्ताप बाहेरून सारखे दिसतात. दोहोंत माणूस गप्प होतो, खातपीत नाही, गाडीकडे पाहत नाही. पण भयाची दृष्टी स्वतःच्या हातांवर असते, पश्चात्तापाची दृष्टी समोर पडलेल्या माणसावर असते. भय म्हणते, ‘पुन्हा माझ्याकडून असे झाले तर माझे कसे होईल?’ पश्चात्ताप विचारतो, ‘त्यांचे आता कसे चालले आहे?’ आम्ही त्या सद्भक्तांना विचारले, ‘‘ते वृद्ध सध्या कसे आहेत?’’ त्यांना ठाऊक नव्हते. दवाखान्यात दोनदा गेले होते. विमा आणि भरपाईचे कागद वकिलाकडे चालू होते. पण वृद्ध घरी आल्यावर त्या पांदणीने हे एकदाही गेले नव्हते. वृद्धाचे घर एका कोसाच्या आत होते.

येथे आमच्या ध्यानात आले की चार तासांची पूजा म्हणजे काय होते. ती पूजा खोटी नव्हती, पण तिच्या आड ते लपले होते. जेथे जायचे होते तेथे जाववत नव्हते, म्हणून पूजाघरात जात होते. आमच्या अनुभवात हे पुष्कळदा आले आहे. माणूस देवाची क्षमा मागत राहतो, कारण माणसाची क्षमा मागणे अधिक अवघड असते. नुलिय चंदय्यांची कथा आपल्याला ठाऊक आहे. दोरासाठी गवत कापताना त्यांचे इष्टलिंग पाण्यात पडले. त्यांनी कायक थांबवले नाही, आणि लिंगच त्यांच्या मागे आले, असे परंपरा सांगते. आयदक्की मारय्यांनी तर कायकात रत असताना गुरू, लिंग आणि जंगम यांचेही विस्मरण चालेल इतक्या टोकापर्यंत कायकाचे माहात्म्य सांगितले. या शरणांच्या धर्मात पूजा ही कायकातून सुटण्याची पळवाट कधीच नव्हती. पूजेने बळ घ्यायचे आणि त्या बळाने ज्या दारात जायला पाय धजत नाहीत त्या दारात जायचे.

दया हे धर्माचे मूळ, असे बसवेश्वरांनी सांगितले. दया म्हणजे मनात कळवळणे एवढेच असते तर ती फार स्वस्त झाली असती. देशाच्या कायद्यातही तिची काही पावले लिहिलेली आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे अपघात झाल्यावर चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची आहे, जमावाच्या क्षोभासारखे अडथळे नसतील तर; आणि पोलिसांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, वर्दी द्यायची आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आले, त्याने सद्‌भावनेने जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूला संरक्षण दिले. तेव्हा ‘पोलिसांचे लचांड नको’ म्हणून रस्त्यावरच्या जखमीला ओलांडून जाणाऱ्याला आता तेही निमित्त उरलेले नाही. वाहनाचा विमा अखंड ठेवणे हाही सदाचाराचाच भाग आहे; तो नसेल तर आपल्या चुकीने एखाद्याचे घर उघड्यावर पडेल. परंतु कायदा दवाखान्यापर्यंत आणि न्यायाधिकरणापर्यंत नेतो. जखमीच्या ओसरीवर नेणारी वाट तो दाखवत नाही.

आम्ही म्हणालो, ‘‘गाडी राहू द्या. आधी तिकडे पायी जाऊन या. आणि डोळे जड होते, हे मला सांगितलेत ते त्यांना सांगा.’’ त्यांचा चेहरा पांढरा पडला. बाई मात्र आतून म्हणाल्या, ‘‘मी येते संग.’’

ते गेले. काय झाले ते नंतर आम्हाला कळले. वृद्धांनी सगळे ऐकून घेतले. ‘माफ केले’ असे ते म्हणाले नाहीत, आणि रागावलेही नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘‘चहा घ्या.’’ त्यांचा नातू शाळेआधी सायकलवर दूध घालत होता आणि रोज शाळेला उशीर होत होता, हे त्या चहाच्या वेळी समजले. दुसऱ्या दिवसापासून या सद्भक्तांनी ते काम आपल्याकडे घेतले. आधी सायकलने; तेच कॅन, तीच पांदण, तोच आवाज. काही आठवड्यांनी कॅन पिकअपमध्ये ठेवून, पांदणीपुरते.

यावर कोणी म्हणेल, मग फेड झाली, पाप संपले. आम्ही तसे म्हणत नाही. मोडलेली मांडी दुधाच्या खेपांनी सांधली जात नाही. दासोह ही किंमत चुकवण्याची पद्धत नव्हे. ‘मी इतके दिले, आता आपण मोकळे’ असा हिशेब ज्यात आला तो दासोह राहत नाही, तो व्यवहार होतो. पश्चात्ताप संपवायचा नसतो, त्याला काम द्यायचे असते. काम मिळाले नाही तर तो भय होऊन माणसाला आतून खातो. काम मिळाले तर तो दया होऊन दुसऱ्याच्या दारी जातो.

आपल्या शरणपरंपरेत वाहन चालविणाऱ्याच्या सर्वांत जवळचे कायक कोणाचे असेल, तर ते अंबिगर चौडय्यांचे. तुंगभद्रेच्या काठी, आजच्या हावेरी जिल्ह्यातील चौडदानपूर येथे त्यांची समाधी दाखवतात. ते नावाडी होते. नाव चालविणारा आणि गाडी चालविणारा या दोघांच्या हाती एकच वस्तू असते: दुसऱ्याचा जीव. नदीला पूर असता नाव घालू नये हे ज्याला कळते तो भित्रा नावाडी नव्हे. आणि एकदा नाव बुडाली म्हणून नदीचे दोन्ही काठ कायमचे तोडून टाकणारा सावध नावाडी नव्हे. अक्कमहादेवींनी डोंगर, समुद्रकाठ आणि बाजार असे तीन दाखले देऊन सांगितले आहे की जेथे आपली वस्ती आहे तेथल्या गोष्टींना भिऊन भागत नाही. आज आपली वस्ती रस्त्याकाठी आहे. दवाखाना, बाजार, लेकीचे सासर, सगळे रस्त्याने जोडलेले आहे. रस्त्याशी सावधपणे राहायला शिकणे हाच उपाय.

मात्र येथे एक अपवाद नीट लक्षात ठेवावा. सगळे प्रयत्न करूनही एखाद्याला चाकामागे बसणे जमले नाही, किंवा दृष्टी, वय, प्रकृती यांमुळे त्याने बसू नये असे ठरले, तर त्याने दुसरे कायक धरावे. कायक हाच कैलास आहे. कायक म्हणजे पिकअपच चालवणे असे कोठे म्हटलेले नाही. कायक बदलण्यात लाज नाही. कायकाशिवाय बसून राहणे, आणि घरच्यांनी त्याला बसवून ठेवणे किंवा टोमणे मारून अधिक खचवणे, यात हानी आहे. ‘बायकांसारखा भितो’ असे म्हणणाऱ्या पुरुषांना तर आम्ही एवढेच सांगतो की त्या घरात प्रश्न विचारण्याचे धैर्य भर सभेत एका बाईने दाखविले, आणि पांदणीने पुढे चालण्याचेही तिनेच.

आता त्या भगिनीला आमचे दुरुस्त उत्तर.

माय, तुमच्या घरच्यांची भक्ती कमी पडली नव्हती. आमचे उत्तर कमी पडले होते. शरणाला भय नसते, या बोलण्याचा अर्थ शरणाच्या छातीत धडधड होत नाही असा नव्हे. भय त्याचा मालक होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. भय येते, बसते. शरण त्याला ओसरीवर बसू देतो, पण किल्ल्या त्याच्या हाती देत नाही. ज्या दिवशी आम्ही स्थावर-जंगमाचे मोठे विवरण करीत होतो, त्या दिवशी तुमच्या दारात गाडी स्थावर होऊन उभी होती, आणि आमच्याही आत एक जीप सहा वर्षे उलटून पडलेली होती. वचन आम्ही वाचले. अर्थ तुम्ही विचारलात.

हे लिहीत असताना आलेल्या वृत्ताप्रमाणे ते सौसरपर्यंत जाऊन येऊ लागले आहेत, दिवसा आणि झोप झाल्यावर. नागपूर अजून दूर आहे. या बहाराला माल दुसऱ्याच्या गाडीने गेला. पुढच्या बहाराचे पुढे पाहता येईल. आमच्यापुरते सांगावयाचे तर गेल्या महिन्यात मठाच्या मोटारीत आम्ही पुढच्या आसनावर बसलो, पट्टा बांधून. पहिल्या वळणावर पाय पत्र्यावर दाबला गेलाच. चालविणाऱ्या मुलाने पाहिले आणि विचारले, ‘‘महाराज, हळू घेऊ का?’’ आम्ही म्हणालो, ‘‘हो बाळ, जरा हळू घे. आम्हाला भीती वाटते.’’ हे वाक्य उच्चारायला आम्हाला सहा वर्षे लागली. त्याने वेग कमी केला.

रस्त्यावर असलेल्या सर्वांचे, चालविणाऱ्यांचे, बसणाऱ्यांचे आणि पायी चालणाऱ्यांचे, परशिव रक्षण करो. आणि ज्यांच्या हातून चूक झाली त्यांना ज्या दारात जायचे आहे त्या दारापर्यंत जाण्याचे बळ देवो.

शरणु शरणार्थी.